दहा काड्यांचा डाव

“गुळवणी, पानं बघून झाली असतील तर बोला. का मुहूर्त काढायचाय?” साळसकर म्हणाले.

पानं बघून झाली होती. पाचांत दोन एक्के, एक बदामचा आणि एक किलवरचा. चेहरा सरळ ठेवणं मला कधी जमलेलं नाही, म्हणून मी उगाच नाक पुसलं आणि एक काडी पुढे सरकवली.

“एक.”

काडी म्हणजे साधी आगपेटीतली काडी. आमच्या ‘वैनगंगा’ जहाजावर पत्त्यांत पैसे लावायला कप्तानाची सक्त मनाई होती, कारण आदल्या सफरीत त्यावरून एकाचं नाक फुटलं होतं. तेव्हा इंजिन-रूमच्या लोकांनी आपली पद्धत काढली. एक काडी म्हणजे बंदरातला पाव तास. जहाज धक्क्याला लागलं की ज्याच्याजवळ जितक्या काड्या, तितका वेळ त्याने खाली उतरून गावात जायचं आणि हरलेल्याने त्याच्या वाटणीची ड्यूटी करायची. काडी कुणी कुणाला नुसती द्यायची नाही, खेळूनच मिळवायची, असाही नियम होता. नाहीतर रोज कुणीतरी कुणाच्या तरी दारात केविलवाणं तोंड करून उभं राहिलं असतं. ड्यूटीचा तक्ता साळसकर लावत, कारण ते सेकंड इंजिनिअर. चीफसाहेब डोळेझाक करत. तेल टाकीत जातंय ना, मग पाइपापाशी कोण उभं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

साल शहाऐंशी. रविवारची दुपार, जेवणं झालेली. अँटवर्प सोडून सहावा दिवस होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लास पाल्मास या स्पेनच्या बेटावरच्या बंदराला लागायचं, तेल भरायचं आणि संध्याकाळी सहाला सुटायचं ते थेट अर्जेंटिना. मधे सतरा दिवस नुसतं पाणी.

बाकीच्यांना गावात जायचं होतं ते बिअर प्यायला आणि घरच्यांसाठी सेंटच्या बाटल्या घ्यायला. मला फोन करायचा होता, मिरजेला, माझ्या बायकोला. तो सतरा दिवसांनी करून चालणार नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. अँटवर्पला दोन महिन्यांचं टपाल एकदम आलं. माझी सात पत्रं होती, दोऱ्याने बांधलेली, सगळ्यांत नवं सगळ्यांत वर. जहाज तासाभरात सुटणार होतं. टपाल घेऊन आलेला कंपनीचा एजंट वीस मिनिटांत परत निघणार होता आणि आमची पत्रंही तोच नेणार होता. म्हणून मी घाईघाईने वरचं एकच पत्र फोडलं. वृंदाने सुरुवातीलाच लिहिलं होतं, ‘मोटरसायकल गेली एकदाची. गिऱ्हाईक चांगलं मिळालं. मागच्या पडवीत जागा झाली, तिथे आता बाबांची खाट टाकली आहे.’

ती मोटरसायकल मी नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतली होती. सुट्टीवर गेलो की आधी तिला पुसायचो, मग चहा प्यायचो. माझं डोकं फिरलं. तसं ते फिरायला फारसं काही लागत नसे. कुणी अरे म्हटलं की माझं कारे तयारच. पंधरा मिनिटांत मी दोन पानं खरडली. माझ्या वस्तू विकायला तुला कुणी सांगितलं, इथून सुरुवात केली आणि मी येण्याआधी तू माहेरी गेलेली बरी, इथवर पोचलो. त्यात एक ओळ अशी होती की ती मी आज इथेही लिहिणार नाही. पाकीट चिकटवलं, एजंटच्या हातात दिलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखा केबिनमध्ये जाऊन उरलेली सहा पत्रं वाचायला बसलो.

चौथ्या पत्रात कळलं की बाबा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. पाचव्यात कळलं की ऑपरेशन झालं, आणि वृंदा अठरा रात्री इस्पितळात त्यांच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपली. सहाव्यात होतं की ऑपरेशनच्या खर्चासाठी बाबांनीच गाडी विकायला लावली. ‘तुम्हाला वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे,’ तिने लिहिलं होतं, ‘पण तुम्ही इथे असतात तर तुम्हीच आधी विकली असतीत.’ एवढं सगळं लिहून झाल्यावर सातव्यात ते पुन्हा कशाला लिहील ती?

मी धावत गँगवेच्या शिडीवर गेलो. एजंटची गाडी धक्क्याच्या टोकाला वळत होती. तिथे आमचे फिटर परकारचाचा काहीतरी दुरुस्त करत बसले होते. रत्नागिरीजवळच्या जयगडच्या खाडीवरचा माणूस, वय अठ्ठावन्न, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी. मी त्यांच्यापुढे सगळं ओकून टाकलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं.

वृंदा भांडणारी बाई नव्हती. भांडणारी असती तर मी इतका घाबरलो नसतो. ती गप्प राहून बॅग भरणारी होती, आणि एकदा उंबरा ओलांडला की मागे वळून न बघणारी. पत्राला मिरजेला पोचायला आठवडा-दहा दिवस लागत. तेवढ्यात मला तिला गाठायचं होतं. जहाजावरचा रेडिओ बिस्केच्या उपसागरातल्या वादळात बिघडलेला. गावातून तार करावी, तर ‘पत्र उघडू नकोस’ अशी तार आल्यावर कोणती बाई पत्र न उघडता राहील? रेडिओ ऑफिसरने हिशेब सांगितला होता, “टेलिफोन ऑफिस धक्क्यापासून अर्धा तास. तिथून मुंबई आणि मुंबईहून मिरज लागायची म्हणजे... तीन तासांच्या आत काही होणार नाही बघ.”

माझ्या वाट्याला सगळ्यांसारख्या आठ काड्या होत्या. म्हणजे दोन तास. साळसकरांना खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी तक्ता बदललाही असता. पण पाच महिने ज्यांच्याशी उठताबसता शिंगं लावली, त्यांच्यापुढे जाऊन बायकोचं रडगाणं गाणं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. म्हणून मी खेळायला बसलो.

आमचा पोकर सोपा होता. पाच पानं वाटायची, एकदा बोली लावायची, नको असलेली पानं बदलून घ्यायची, पुन्हा बोली, मग पानं उघडायची. पाच जण बसलो होतो. फोर्थ इंजिनिअर सगळं हरून झोपायला गेला. जहाजाचे इलेक्ट्रिशियन धुरंधर, ज्यांना सगळे बत्तीसाहेब म्हणत, दोन काड्यांवर आले होते आणि जांभया देत होते. परकारचाचांकडे बारा, साळसकरांकडे बारा. माझ्याकडे चौदा; तीन तासांना बारा पुरत होत्या, पण फोन लवकर लागला नाही तर, म्हणून मी उठलो नव्हतो.

तर मी एक काडी टाकली. चाचांनी एक टाकली. साळसकरांनी एक टाकली. बत्तीसाहेबांनी पानं टाकून दिली.

मी एक्के ठेवून तीन पानं बदलली. नव्वी, सत्ती, चौकी. कामाचं एकही आलं नाही. पण एक्क्यांची जोडी ही जोड्यांतली सगळ्यांत मोठी, आणि आमच्या त्या टेबलावर बहुतेक डाव जोडीवरच जिंकले जायचे. चाचांनीही तीन बदलली. साळसकरांनी दोन. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता.

“आणखी एक,” मी म्हणालो. माझ्याजवळ बारा उरल्या. बरोबर तीन तास.

चाचांनी आपली पानं पालथी ठेवली. मग दोन्ही तळव्यांनी आपल्या अकराच्या अकरा काड्या टेबलाच्या मधोमध लोटल्या.

“दहा वर,” ते म्हणाले.

बत्तीसाहेबांची जांभई अर्ध्यावर राहिली. पाच महिन्यांत परकारचाचांनी एकदाही बोली वाढवली नव्हती. ‘हाय’ किंवा ‘नाय’, एवढेच दोन शब्द त्यांना ठाऊक असावेत असं आम्ही त्यांना चिडवायचो. साळसकरांनी आपल्या अकरा काड्या पुढे केल्या. त्यांच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. ते कशावरही पुढे यायचे. मी बघत होतो चाचांकडे. आणि ते माझ्याकडे बघत होते, अगदी सरळ, जवळजवळ रागाने.

“काय पाचसाब?” ते म्हणाले. फिफ्थ इंजिनिअरला खलाशी पाचसाब म्हणत. “एवढा विचार? येवा की.”

माझे कान तापले. मला कुणी असं डिवचलं की हात आपोआप पुढे जायचा. म्हाताऱ्याला माझा फोन माहीत होता. तो कशासाठी, हे तर सगळ्या जहाजावर त्याला एकट्याला माहीत होतं! आणि तोच माझ्या तासांवर उठला होता. दहा काड्या टाकून हरलो तर माझ्याजवळ दोन उरणार होत्या. अर्धा तास. म्हणजे टेलिफोन ऑफिसचं दार बघून येण्यापुरता.

मी काड्या मुठीत घेतल्या.

तशाच मुठीत धरून बसलो. का थांबलो ते मला नीट सांगता येणार नाही. अँटवर्पला पाकीट चिकटवताना हात असाच गरम झाला होता, एवढं मात्र जाणवलं. मग मी स्वतःला विचारलं, अरे, ज्या माणसाने पाच महिने कधी आवाज चढवला नाही तो आज चढवतोय, तो उगाच? त्याच्याकडे तीन सारखी असतील, दोन जोड्या असतील. तुझ्याकडे काय आहे? एक जोडी. कितीही मोठी झाली तरी एकच. आणि तुला तीन तास हवे होते ना? ते तुझ्या मुठीत आहेत.

“नाही,” मी म्हणालो आणि दोन्ही एक्के पालथे टाकले.

साळसकरांनी मान वर केली. “काय गुळवणी! तुम्ही आणि माघार?”

“चारला माझी वॉचची पाळी आहे,” म्हणून मी उठलो. मागचं काही ऐकायला थांबलो नाही. चाचांची पानं मला बघायचीच नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता लागला तेव्हा ती न बघताच कळली. परकार, सुट्टी शून्य. अकरा ते सहा, डेकवर, तेलाच्या पाइपापाशी. साळसकरांची अख्ख्या दिवसाची चैन. म्हणजे चाचा हरले होते! साळसकरांसारख्या कशावरही पुढे येणाऱ्या माणसाकडून हरले, म्हणजे माझे एक्के नक्कीच जिंकले असते. एका म्हाताऱ्याच्या आवाजाला भिऊन मी डाव टाकला होता. बारा वाजता मी शिडी उतरायला गेलो तेव्हा चाचा तिथेच उभे होते. “सांभाळून जावा,” म्हणाले. मी वळूनही बघितलं नाही.

टेलिफोन ऑफिसात अंबाडा घातलेली एक बाई होती. तिला मी ‘मिरज’ कागदावर लिहून दिलं. तिने ते तीन वेळा तीन तऱ्हांनी म्हणून दाखवलं आणि मला बाकावर बसवलं. तिथे मी सव्वा तास बसलो. दर वेळी तिने मान वर केली की मी उभा राहायचो आणि ती हाताने बस म्हणायची. फोन आमच्या समोरच्या लाटकर वकिलांकडे होता. अखेर तिने बोटाने खोली दाखवली. मिरजेला तेव्हा संध्याकाळचे सव्वासात वाजून गेले होते. लाटकरांनी वृंदाला हाक मारलेली मला ऐकू आली, आणि मग चपलांचा आवाज.

“अहो, कुठून बोलताय? बरे आहात ना?”

“बरा आहे. वृंदा, माझं पत्र आलं का?”

“आजच आलं, दुपारी.”

“वाचलंस?”

“नाही अजून. बाबांचं जेवण, औषधं सगळं उरकलं की निवांत वाचते मी तुमची पत्रं. का हो?”

मी सांगितलं. वरचं पत्र आधी फोडल्यापासून सगळं, काही न लपवता. “ते वाचू नकोस,” मी म्हणालो. “बंबात घाल.”

बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं लाइन तुटली.

“किती वाईट लिहिलंय?” तिने विचारलं.

“खूप.”

“बाबांविषयी?”

“नाही. तुझ्याविषयी.”

ती म्हणाली, “बंबात नाही घालणार. ठेवते तसंच. तुम्ही आलात की तुम्हीच वाचून दाखवा मला.”

“वृंदा...”

“आणि यापुढे मी पाकिटांवर आकडे घालत जाईन. एकपासून वाचायचं. कळलं?” मग तिने विषय बदलला. “बाबा काठी घेऊन चालायला लागलेत. त्यांना काय सांगू?”

“नमस्कार सांग,” मी म्हणालो. बाहेर आलो तर त्या अंबाडेवाल्या बाईने माझं तोंड बघून मुकाट्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

चार महिन्यांनी मी घरी गेलो तेव्हा वृंदाने ते पाकीट खरोखरच माझ्यापुढे ठेवलं, न फोडलेलं. मी फोडलं. पहिल्या ओळीच्या पुढे मला वाचवेना. तिनेच ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, “पुरे. आता पेटवा बंब.” आज आमच्या संसाराला बेचाळीस वर्षं झाली. तो त्या संध्याकाळी मोडला असता, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

त्या दिवशी टेलिफोन ऑफिसातून परत येताना बंदराच्या फाटकाशी साळसकर भेटले, काखेत खोकी आणि तोंडात गाणं. जागेपणी हा माणूस सतत काही ना काही गुणगुणत असायचा.

“झाला का फोन?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काल डाव झाल्यावर परकारांनी. अहो, आधी बोलायचं नाही का? मी काय राक्षस आहे?” मग ते हसले. “पण वाचलात हो काल. तीन अठ्ठ्या होत्या माझ्याकडे. तुम्ही एक म्हणालात ना, त्यावर मी वाढवणारच होतो, आणि तुम्ही माझ्यावर चिडून येणारच होतात. तुमचे सगळे तास माझ्या खिशात होते. तेवढ्यात म्हातारा मधे घुसला.”

“त्यांच्याकडे काय होतं?”

“काही नाही. सगळ्यांत मोठं पान राणी. साधी दुरीची जोडीसुद्धा नाही! मी आपला विचारतोय, चाचा, तुम्हाला झालंय काय.”

मी तिथेच थांबलो. मग आठवलं: पानं बदलून झाल्यावर खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. साळसकरांचं गाणं थांबलेलं होतं. मी माझे एक्के बघत बसलो होतो, म्हणून मला ते ऐकू आलं नव्हतं.

शिडी चढलो तर चाचा पाइपाच्या जोडाखाली तेलाची बादली नीट लावत होते. तळपतं ऊन होतं आणि टोपी घामाने भिजलेली. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

“लागला फोन?” त्यांनी विचारलं.

“लागला. पत्र आजच पोचलं होतं. तिने फोडलं नव्हतं.”

त्यांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं.

“चाचा, सेकंडसाहेबांकडे मोठी पानं आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“ते गायचे थांबले की पानं असतात. पाच म्हैने बघतोय.”

“मग मला एक खूण करायची.”

“खेळात खूण करू नये.” त्यांनी हात पुसले. “आणि सेकंडसाबांनी वाढवलं असतं तर तुम्ही उठला असतात?”

मी खरं सांगितलं. “नाही.”

“माझ्यापुढे उठाल असं वाटलं. मी कधी वाढवत नाय ना.”

एवढं सरळ होतं ते. आपले अकरा पाव तास त्यांनी माझ्या अंगावर फेकले होते, मी घाबरून मागे सरावं म्हणून. आणि मी सकाळपासून त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होतो. मला त्यांचे पाय धरायचे होते, पण तेलाने माखलेल्या डेकवर, क्रेनवाल्यांच्या देखत, ते त्यांना आवडलं नसतं. “मी तुमचा आयुष्यभर ऋणी आहे,” एवढंच मी म्हणालो, आणि ते अगदी नाटकातल्यासारखं वाटलं तरी खरं होतं.

“छे हो.” चाचांनी पाइपावर हात ठेवून तेलाचा जोर बघितला. मग तिकडेच बघत म्हणाले, “मी पन एक पत्र टाकलं व्हतं. साल छप्पन. धाकट्या भावाला. खरं-खोटं न विचारता त्याला काय काय लिहिलं. तेव्हा फोन कुठला? दीड वर्षाने उतरलो, तर तो घरातून गेलेला.”

“कुठे?”

“तो पन जहाजावरच लागला म्हणतात. मी बंदर आलं की उतरतो, खलाशांच्या क्लबात जातो, जुनी नावं बघून येतो. कुणी बघितला असंल तर.”

तीस वर्षं. दर बंदरात. आम्हाला वाटायचं म्हातारा पाय मोकळे करायला जातो.

“मग आज?” मी विचारलं.

“आज तुमचा फोन व्हता,” ते म्हणाले.

मी घड्याळात बघितलं. तीनला पंचवीस मिनिटं कमी होती, म्हणजे माझ्या सुट्टीतली तेवढी बाकी होती. खलाशांचा क्लब फाटकाच्या बाहेरच होता, येताना मी त्याची पाटी वाचली होती.

“चाचा, भावाचं नाव काय?”

त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

“युसूफ,” ते म्हणाले. “युसूफ दाऊद परकार. मुक्काम जयगड. डाव्या भुवईवर वण हाय.”

मी ते बॉलपेनने तळहातावर लिहून घेतलं आणि पुन्हा शिडी उतरलो.